तोंडात आधी कोण आलं?

आमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे आमचं दार आणि उजवीकडे सरांचं. सरांच्या दारावर नावाची पाटी नव्हती. त्यामुळे कुरिअरवाला, गॅसवाला, इस्त्रीवाला सगळे आधी आमची बेल वाजवायचे आणि मी लाटणं हातात घेऊन समोरचं दार दाखवायची. एकदा म्हटलं, "सर, एक पाटी लावून टाका ना. माझ्या पोळ्या करपतात तुमच्यापायी." तर म्हणाले, "पाटी असली की येणारा माझ्याविषयी विचारतो. नसली की दारात उभा राहून, कशाविषयी बोलायचं ते ठरवतो. ते ऐकायला मला फार आवडतं."

पोळी उलटायला मी आत गेले.

सर कॉलेजात भाषाशास्त्र शिकवून रिटायर झालेले. मूळचे अमरावतीकडचे, लग्न केलेलं नाही, घाटकोपरला नोकरीमुळे आले ते राहिले. आता भाचीकडे गेलेत अमरावतीला, अधूनमधून फोन असतो. पण आमच्या समोर होते तेव्हा रोज काही ना काही चालू असायचं. ते राहायला आले तेव्हा मला वाटलं, भाषाशास्त्र म्हणजे शुद्धलेखन. माझी शाळा आठवीत सुटलेली. पुढचं जे काही आलं ते वाचनालयातून पुस्तकं आणून आणि मुलांचे धडे ऐकून. म्हणून सुरुवातीला त्यांच्यासमोर मी फार जपून बोलायची. 'आणि'तला ण, 'पाणी'तला ण, सगळे ण मोजून मापून. दहा-पंधरा दिवस त्यांनी ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुम्ही माझ्याशी इस्त्री केलेलं बोलता. भाजीवाल्याशी जे बोलता ना, ते मला द्या."

"त्याच्याशी मी भांडते," मी म्हटलं.

"मग भांडा."

तेव्हापासून मी मोकळी झाले. आणि सरांना हवं ते काय आहे ते हळूहळू कळायला लागलं. त्यांना शुद्ध-अशुद्धाचं काही पडलेलं नव्हतं. माणूस घडलेली गोष्ट सांगताना कोणापासून सुरुवात करतो, कोणाला पुढे घेतो, कोणाला मागे ढकलतो आणि कोणाला अजिबात गाळतो, हे त्यांचं वेड. शाळेत आपण कर्तरी, कर्मणी, भावे असं घोकलेलं असतं, तेच. पण घोकताना आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं की हे सगळं कशाला करून ठेवलंय. सर सांगायचे, "बोलणारा हातात बॅटरी घेऊन उभा असतो. तो ज्याच्यावर उजेड पाडतो, गोष्ट त्याची होते. काम कोणी केलं हा प्रश्न वेगळा आणि उजेड कोणावर आहे हा वेगळा. लोक दोन्ही एकच समजतात."

मी भाजी निवडत निवडत ऐकायची. एकदा त्यांनी मला इंग्रजी आणि मराठीतला फरक सांगितला. म्हणाले, "आपल्याला गाईविषयी बोलायचंय, तर आपण गाईला नुसतं उचलून पुढे ठेवतो. 'गाईला रिक्षाने ठोकलं.' झालं काम. इंग्रजीला असं उचलून ठेवता येत नाही. गाय पुढे आणायची तर त्यांना क्रियापदच बदलायला लागतं."

मी म्हटलं, "म्हणजे आपल्या खुर्च्या घरातल्या, कुठेही सरकवा. त्यांच्या नाटकाच्या थेटरातल्या, जमिनीला ठोकलेल्या."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "हे मला वर्गात सुचलं असतं तर मुलांचे दोन तास वाचले असते." पुढे आल्या-गेल्याला ते ही खुर्चीची गोष्ट सांगायचे आणि प्रत्येक वेळी "हे ह्यांचं आहे" असं म्हणून माझ्या दाराकडे हात करायचे. मी घरात नसले तरी.

त्यांचा एक डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणाचा रंग उडालेला. त्यात प्लॅस्टिकची एक गाय, एक वाघ, चावीची रिक्षा, लाकडी नारळ आणि एक हात तुटलेली बाहुली. संध्याकाळी सर हा डबा काखेत मारून मार्केटच्या तोंडाशी रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. कोणी मोकळा दिसला की त्याला म्हणायचे, "दोन मिनिटं आहेत का? एक गंमत बघा आणि काय झालं ते मला सांगा." मग रिक्षाला चावी द्यायची आणि ती गाईवर सोडायची. गाय आडवी. "हं, सांगा. काय झालं?"

लोक आधी इकडेतिकडे बघायचे. कोणी शूटिंग तर करत नाहीये ना. मग सांगायचे. रिक्षावाल्यांना विचारलं तर सगळे एकजात, "गाय मध्ये आली." आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन, त्या रोज गाईला चारा घालणाऱ्या, त्या म्हणाल्या, "गाईला उडवली बिचारीला," आणि पुढचा अर्धा तास रिक्षाविषयी एक शब्द नाही. मला दाखवलं तेव्हा माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं बाई, आत कोण बसलं होतं?"

सरांनी डोक्याला हात लावला. आनंदाने हं. म्हणाले, "समोर गाय आहे, रिक्षा आहे. तुम्ही तिसऱ्याच माणसावर बॅटरी मारलीत, आणि तो माणूस इथे नाहीच."

"रिक्षा आहे म्हणजे आत कोणीतरी असणारच ना," मी म्हटलं. "चावीवर चालली तरी."

ह्या गमतीला त्यांचा एक नियम होता आणि तो मात्र कडक. एका वेळी एकाने सांगायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. आता घाटकोपरच्या मार्केटात हा नियम पाळायचा म्हणजे विचार करा. एक सांगायला लागला की बाजूचे चार म्हणायचे, "नाय नाय, असं नाय झालं." सर दोन्ही हात वर करून ट्रॅफिक पोलिसासारखे उभे राहायचे. बोलणं टिपायला मोबाईल असायचा, पण रेकॉर्डिंग चालू करायला दहातल्या सात वेळा विसरायचे. मग घरी येऊन मला सांगायचे, "आज एक बाई इतकं सुंदर बोलली, इतकं सुंदर." काय बोलली म्हणून विचारलं की, "तेच तर गेलं."

माझ्या गुडघ्यांवरसुद्धा त्यांचं प्रेम होतं. लिफ्ट बंद पडली होती तेव्हा मी जिन्यात बसकण मारली आणि म्हटलं, "माझ्याच्याने नाही चढवत आता." सर वरून उतरत होते, ते पिशवी घ्यायच्या ऐवजी तिथेच पायरीवर बसले. "पुन्हा म्हणा," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, दम लागलाय मला." तर म्हणाले, "बघा ना काय केलंत. 'मी चढत नाही' म्हटलं असतं तर हट्टी दिसला असतात. 'मी चढू शकत नाही' म्हटलं असतं तर बिचाऱ्या. तुम्ही म्हणालात 'चढवत नाही'. दोष तुमचा नाही, जिन्याचा नाही, सेक्रेटरीचापण नाही. कर्मणी-भावे ऑफिसातून घरात आले म्हणतात लोक. हे बघा, हे तर घरचंच आहे. प्रत्येक म्हातारीच्या तोंडी आहे."

"म्हातारी कोणाला म्हणता?" मी विचारलं. मग त्यांनी पिशवी उचलली.

सेक्रेटरीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. आमचे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेले, सज्जन, पण नोटीस लिहिताना एकदम सरकार व्हायचे. 'उद्या सकाळी पाणी सोडले जाणार नाही.' सर त्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, 'कोणाकडून?' 'कचरा उचलला जाईल.' 'कोणाकडून?' सेक्रेटरी चिडले. मग सरांनी त्यांना चहाला बोलावून समजावलं, की तुम्ही एवढी धावपळ करता आणि नोटिशीत तुम्ही कुठे दिसतच नाही, हा तुमच्यावर अन्याय आहे. सेक्रेटरींना ते पटलं. चहा चांगला होता, मीच केला होता. पुढच्या वेळी टाकी धुवायची होती तेव्हा बोर्डावर ठळक अक्षरात नोटीस लागली. 'उद्या सेक्रेटरी पाणी सोडणार नाहीत.'

सकाळी अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन त्यांच्या दारात. बेन सगळ्यात पुढे. "हमने आपका क्या बिगाडा? आप क्यूं नहीं छोडते?" आधी कितीतरी वेळा टाकी धुतली होती, कोणी चकार शब्द काढला नव्हता. सेक्रेटरी अंगाला अर्धा साबण लागलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून सरांच्या दारात आले आणि म्हणाले, "सर, माझी वाट लावलीत तुम्ही."

सर इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बिल्डिंगमध्ये तेवढंच पाणी होतं त्या दिवशी. मग गंभीर झाले. म्हणाले, "माझी चूक. मी आयुष्यभर शिकवत आलो की लोक ह्या कर्मणी प्रयोगामागे लपतात. अहो, ती छत्री आहे. भर पावसात उभ्या असलेल्या माणसाची छत्री मी काढून घेतली." त्यांनी स्वतःच्या पिंपातलं पाणी देऊन सेक्रेटरींचा साबण उतरवला. नंतर नोटिशीखाली पेन्सिल कधी लागली नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तिथे मला सरांचं वेड पहिल्यांदा नीट कळलं.

माझी आई मुलुंडला एकटी राहायची. नव्वदीकडे झुकलेली, पण कानाने, जिभेने टणटणीत. वडील गिरणीत होते. त्या पगारातच त्यांनी काय काय करून ती दोन खोल्यांची जागा घेतली आणि आम्ही तिघं भावंडं तिथेच मोठी झालो. आई उंचीने अगदी लहान. म्हणून वडिलांनी गवंड्याला सांगून ओटा तिच्या मापाचा, बुटका बांधून घेतला होता. आम्हाला तिथे काम करायचं तर कंबर मोडते. आणि आमच्याकडे आली की तिला आमच्या ओट्यावरचं पातेलं दिसत नाही. म्हणून ती कुठे आली तरी दोन दिवसांत "माका घराक सोडा" सुरू व्हायचं. मालवणी तिची कधी सुटली नाही.

तर एका दुपारी तिने दूध तापत ठेवलं आणि आतल्या खोलीत तिचा डोळा लागला. दूध उतू गेलं, गॅस विझला, वास जिन्यात पसरला. शेजारच्या मुलीने येऊन कॉक बंद केला म्हणून बरं. संध्याकाळी दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, बोरिवलीहून फोन. "बस झालं आता. आईला तिथे एकटीला ठेवायचं नाही. जागा बंद करायची. आईला चार-चार महिने वाटून घेऊ." चूक काहीच नव्हतं त्यात. तो घाबरला होता. मीपण घाबरले होते. मला तर वाटत होतं, चार महिने कशाला, माझ्याकडेच राहू दे तिला कायमची.

रविवारी सगळे माझ्याकडे जमलो. दादा बोरिवलीहून, धाकटी बहीण अंधेरीहून मेट्रोने. आईला मी आदल्या दिवशीच मुलुंडहून घेऊन आले होते. ती कॉटवर बसून लसूण सोलत होती. रविवारी सर आमच्याकडे घावणे खायला असायचे, तसे ते आले, आणि वातावरण बघून परत फिरायला लागले. मी म्हटलं, "बसा हो, घरचेच आहेत." ते कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसले आणि घावणा खायला लागले.

दादा म्हणाला, "आईला आधी माझ्याकडे ठेवू. आईला सकाळी ऊन लागतं, बाल्कनी आहे."

बहीण म्हणाली, "पावसाळ्यात आईला माझ्याकडे नको हां. जिन्यावर शेवाळ असतं. आईला दिवाळीनंतर न्यायचं."

मी म्हटलं, "आईला कमोड लागेल. तुझ्याकडे आहे का?"

"आईला सवय होईल."

"आईचं रेशनकार्ड कुठल्या पत्त्यावर घालायचं?"

"आईला डॉक्टर एकच ठेवायचा, हे मात्र बघा. तीन डॉक्टर तीन गोळ्या देतील."

असं तासभर चाललं. मध्ये मी बघितलं तर सर घावणा खायचे थांबले होते. ताट मांडीवर, डोळे मिटलेले आणि बोटांची पेरं मोजत होते. दादालापण ते दिसलं. दादा आधीच त्यांच्यावर खूश नव्हता. डबा घेऊन रस्त्यावर बसणारा प्रोफेसर, एवढंच त्याला माहीत. म्हणाला, "सर, काही बोलायचंय का तुम्हाला?"

"नाही, नाही. कौतुक वाटलं," सर म्हणाले. "मी आलो तेव्हापासून तुमची जवळजवळ सगळी वाक्यं आईंपासून सुरू होतायत. इतका उजेड एखाद्या माणसावर मी कुठल्या घरात बघितला नाही."

दादा जरा सैल झाला. "आहेच आमची आई तशी."

"फक्त त्यातल्या एकाही वाक्यात त्या काही करत नाहीयेत. त्यांना ठेवतायत, नेतायत, दाखवतायत."

बहीण म्हणाली, "अहो, ह्या वयात ती काय करणार?"

"ते मला कसं माहीत असणार? मी नुसतं ऐकतोय," सर म्हणाले आणि पुन्हा घावण्याकडे वळले.

दादाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा सरांना चांगलंच सुनावणार. पण सरांनाच काय वाटलं कोण जाणे, ताट खाली ठेवून ते उठले, समोरच्या घरातून डबा घेऊन आले आणि मला म्हणाले, "तीन वाट्या द्या हो."

दादा म्हणाला, "हे काय चाललंय? आम्ही इथे महत्त्वाचं बोलतोय."

"दादा, बघू तरी," मी म्हटलं. खरं तर मलापण लाज वाटत होती. पण घरी आलेल्या माणसाला मध्येच काय थांबवणार?

सरांनी टीपॉयवर डब्याचं झाकण ठेवलं. "हे मुलुंड." त्यावर बाहुली उभी केली. तीन बाजूंना तीन वाट्या, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर. "आता तुम्हाला काय हवंय ते एकेकाने दाखवा. बोलायचं नाही. आणि एकाचं चालू असताना बाकीच्यांनीपण नाही." दादाला पहिला मान. तो चडफडत पुढे झाला. त्याने बाहुली उचलून बोरिवलीत ठेवली, मग अंधेरीत, मग घाटकोपरला. झाकण रिकामं राहिलं ते उचलून त्याने टीपॉयच्या खाली ठेवून दिलं. बहिणीने तेच केलं, फक्त पावसाळ्याचं सांभाळून. मी बाहुली उचलली आणि माझ्या वाटीत ठेवून हात मागे घेतला.

मग सरांनी टीपॉय कॉटजवळ सरकवला.

आईने लसणीचं ताट बाजूला केलं. हात पदराला पुसले. बाहुली उचलून डोळ्यांजवळ नेली. "हिचो हात खंय गेलो?"

"तुटलाय, आजी. पुष्कळ वर्षं झाली," सर म्हणाले.

"तरी उभी आसा मगे." मग ती इकडेतिकडे बघायला लागली. "झाकण खंय ठेवलंस रे?"

दादाने खाली वाकून झाकण काढून दिलं. आईने ते टीपॉयच्या मधोमध ठेवलं, आपल्या हाताने एकदा पुसलं आणि बाहुली त्यावर उभी केली. आणि मग एकेक करून तिन्ही वाट्या स्वतःकडे ओढल्या. पहिली बोरिवली, मग अंधेरी, मग माझी. ओढून झाकणाला टेकवल्या.

"आता झाला," म्हणाली, आणि लसणीचं ताट परत पुढ्यात घेतलं.

दादाच आधी बोलला. "आई, म्हणजे आम्ही तिकडे येऊन राहायचं?"

"पाळी लावलंत ना? तीच ठेवा, पण एकेका आठवड्याची. माझ्या जाग्यार तुम्ही फिरा."

"अगं, पण मी माझं घर सोडून मुलुंडला कसा येऊ?"

"माका सोडूक सांगत होतंस ना? माझा सगळा सुटता. तुझो एक आठवडो जाता."

"आणि गॅस?"

"गॅस बंद करूक तुम्ही आसास. मी दूध ठेवतंय, तू बघ."

बहिणीला हसू फुटलं. ती म्हणाली, "दादा, तू रिटायर झालायस. तुला सबब नाही. माझं ऑफिस आहे, पण मी मुलुंडहूनपण जाईन." मग तासभर पुन्हा घासाघीस झाली, पण आता आई त्यात होती. दिवसा कामाला बाई ठेवायची म्हटलं तर ती चालेल, पण स्वयंपाकाला हात लावायचा नाही. गॅसला ते आपोआप बंद होणारं बटण बसवायचं म्हटलं, तर बसवा. गळ्यात फोन अडकवायचा म्हटलं, तर "मी काय गाय आसंय?" ते रद्द झालं. एकेक आठवडा ठरला. जमलं तर पुढे, नाही जमलं तर पुन्हा बोलायचं, पण तिला घेऊन बोलायचं.

सगळे गेल्यावर मी सरांना म्हटलं, "बरं झालं हो तुम्ही होतात."

ते बाहुली हातात धरून बसले होते. म्हणाले, "इतकी वर्षं मी हा डबा फिरवतोय. ज्याला ज्याला ही दिली त्याने हिलाच हलवलं. मीपण ती हलवायलाच ठेवायचो. बाकीचंही हलू शकतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं." मग दचकून खिसा चाचपला. "रेकॉर्डिंग चालू होतं का हो?"

नव्हतं.

पहिला आठवडा दादाचा. त्याने वहिनीला "सात दिवसांचा प्रश्न आहे" असं तोंड करून सांगितलं आणि गेला. पहिल्या दिवशी फोन आला तो तक्रारीचा. ओटा बुटका आहे, कंबर धरली. दुसऱ्या दिवशी, नळाला पाणी पहाटे येतं आणि आई मला उठवते. तिसऱ्या दिवशी फोन नाही. चौथ्या दिवशी नाही. मी बहिणीला फोन केला, "भांडले बिंडले नाहीत ना गं?" तर ती म्हणाली, "मी केला होता फोन, आईने उचलला. दादा खाली कॅरम खेळायला गेलाय म्हणाली. त्याचे शाळेतले कोणी दोघं अजून तिथेच राहतात म्हणे."

शुक्रवारी संध्याकाळी मी पिशवी भरत होते, शनिवारपासून माझी पाळी. दादाचा फोन आला. आवाज एकदम हळू.

"अगं, उद्या तू येणार ना?"

"हो. पिशवी भरतेय. का रे?"

"नाही, म्हणजे... उद्या नको येऊस. पुढच्या शनिवारी ये."

"का? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे गं. माळ्यावरची भांडी काढायचीत, पितळेची. तुझ्याने कुठे होणार ते. आई म्हणते दादाच काढू दे."

मागून आईचा आवाज, खणखणीत. "मी खंय म्हटलंय?"

दादाने फोनवर हात ठेवला असावा. थोडा वेळ नुसती खुसफुस. मग तोंड वर करून म्हणाला, "तेच ते. ये पुढच्या शनिवारी," आणि ठेवून दिला.

मी पिशवी तशीच टाकली आणि समोरचं दार वाजवलं. सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. झालाच, पण आधी रागावले. "नेमके शब्द काय होते? 'आई म्हणते' आधी आलं की 'दादाच काढू दे' आधी?"

"मला आठवत नाही हो. मला हसू येत होतं."

"अहो, त्या तासभराच्या बोलण्यात जो माणूस एकदाही आईला बोलू देत नव्हता तो आता 'आई म्हणते' म्हणतोय. आणि आई म्हणालेल्या नसताना म्हणतोय. असं वाक्य वर्षात एकदा मिळतं, आणि तुम्ही हसत होतात." त्यांनी मोबाईल काढला. ह्या वेळी माझ्यासमोर रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, मला दाखवलं, आणि मुलुंडचा नंबर लावला. "त्यांनाच विचारतो. ते काय म्हणाले ते पुन्हा जसंच्या तसं म्हणायला सांगतो."

"दादा चिडेल, सर."

"चिडू दे. चिडून म्हटलं तरी चालेल."

पलीकडून दादाने उचलला. सर म्हणाले, "नमस्कार, मी घाटकोपरहून बोलतोय. मघाशी तुम्ही बहिणीला..." आणि थांबले. ऐकत राहिले. "हो," म्हणाले. "हो का? नाही, जेवण अजून नाही झालं. एकटाच आहे. बरं. बरं. नाही, लिंबू मी आणतो." फोन खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.

"काय म्हणाला दादा?" मी विचारलं. "कोण आधी आलं?"

"ते विचारायचं राहिलं," सर म्हणाले. एक चप्पल घातली होती, दुसरी सापडत नव्हती. "बांगडे तव्यावर टाकलेत म्हणाले."